तीन ठिपके

क्लार्क म्हणाला, एकसष्ट सालचा पुरावा आणा.
त्या वर्षी तुमची माणसं राहायला कुठं होती?

आय हसली, तोंडाला पदर लावून, तरी मोठ्यानं.
राहायला?
सांग त्याला, दसऱ्याला मुरगूड, थंडीत सरवडं,
शिमग्याला कळं, आखितीच्या आत बाजारभोगाव.
तीन गाढवं, एक ऐरण, शेळीच्या कातड्याचा भाता.
कुठल्या ओढ्याची पावती देऊ म्हणावं?

मी बांबवड्याच्या चिंचेखाली जन्मलो.
चिंच रस्ता रुंद करताना गेली.
थोरला पोर्ल्याच्या पुलाखाली,
आणि दोघांमधली एक, जिचं नाव ठेवायच्या आत
पुढच्या गावाला निघावं लागलं.
ते गाव कुठलं, आय सांगत नाही.

बा सांडशीत फाळ धरायचा, आय घण मारायची.
पाठीवर मी. ठोक्याठोक्याला माझी मान हलायची म्हणे,
अजून बोलताना हलते.
मग ती लालभडक फाळ ओढ्यात बुडवायची
आणि चरचर ऐकून ठरवायची, पाणी बसलं का.
तिच्या लेखी पाण्याला स्वभाव असतो.
वेदगंगेचं रागीट, धार लौकर येते नि लौकर तुटते.
तुळशीचं मऊ, खुरप्याला बरं.
कासारीचं पाणी दिलेली विळी
सासूनं सुनेच्या हाती द्यावी अशी.

आता शियेच्या गायरानात पत्र्याची खोली आहे, नळ आहे,
अतिक्रमणाची नोटीस आहे.
या जागेवर आमच्या नावानं आलेला तो पहिला कागद,
सानिकानं प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलाय.

मी शिरोलीला, फाउंड्रीत. लोखंड रोज बघतो,
हात लागत नाही, हातमोजे असतात.
एकदा आय डबा घेऊन गेटवर आली,
आतला दणका ऐकत उभी राहिली.
घण कोण मारतंय रं?
मशीन हाय, आय.
त्येला दम लागत न्हाई व्हय?
मग स्वतःच म्हणाली, ताल बी न्हाई.

सानिकाला नर्सिंगला घालायचंय, दाखला पाहिजे.
दोन खाडे केले, मित्राची गाडी मागून घेतली.
आज्ज्याची खूण तीन ठिपके,
पात्याच्या बुडाशी ठोकून पाडलेले.
सरवड्यात आडाच्या रहाटाला त्याचं कडं होतं म्हणे,
आड बुजवलाय, वर हायमास्टचा खांब.
मुरगुडात दाराचा कोयंडा होता, तिथं शटर.
कळ्यात एकानं कोयता दाखवला, ठिपके दोनच.
उसाला आता मशीन येतंय, म्हणाला,
घेऊन जा जायचा तर, फुकट.

बाजारभोगावात आंबाक्का खोत नावाच्या म्हातारीनं
चुलीमागनं विळी काढली.
झिजून चवथीच्या चंद्रागत झालेली.
बुडाशी तीन.
लगीन होऊन आले त्या साली घेतली गा,
पुण्याकडं धरण फुटलं म्हणत हुती माणसं, त्याच साली.
पायलीभर जोंधळा दिल्ता तुझ्या आजीला,
वर गुळाचा खडा. पोटुशी हुती ती.
मी विळी मागितली.
आणि मी वांगी कशावर चिरू? म्हणाली.
फोटू काढ.

क्लार्कनं फोटो पाहिला. माणूस वाईट नव्हता,
चष्मा वर करून पाहिला.
यावर शिक्का पाहिजे हो.
मी ठिपक्यांवर बोट ठेवलं.
तो थोडा थांबला.
मग म्हणाला, पुढचे कोण आहेत?

रात्री आयनं मोबाईल घेतला,
दोन बोटांनी विळी मोठी केली, सानिकानं शिकवलंय.
पातं, ठिपके, परत पातं.
कासारीचं पाणी, म्हणाली. सासऱ्याचाच हात.
मग माझ्याकडं वळून:
बोथट दिसतीया.
धार तरी लावून आलास का न्हाई?